एक्स-रेतला चंद्र

धान पिवळं पडायला लागलं की माझा डावा घोटा बोलू लागतो. दुखतो असं काही म्हणता येणार नाही, नुसती आठवण करून देतो. दिवाळीच्या आसपास सकाळी धुकं उतरतं, सिहोऱ्याच्या बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिकलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, दिसतात, कापलेल्या धानाचा ओलसर, गोडसर वास येतो. घरादाराला हुरूप चढतो तो याच दिवसांत. मला मात्र याच दिवसांत अपराध्यासारखं वाटायला लागतं. यंदाही वाटलं. इळा घेऊन बांधीत उतरले, पहिली मूठ कापली, आणि ती खाट आठवली.

ती खाट म्हणजे आमच्या ओसरीवरची. एका हंगामात मी तिच्यावर बसून होते. सगळं घर धानात राबत होतं आणि मी बसून होते. त्या दिवसांइतकी रमलेली मी पुढे कधी नव्हते, आणि इतकी ओशाळलेलीही नव्हते. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पडले तीही काही कामात नव्हे. काम करताना पडले असते तर मान तरी ताठ राहिली असती. मुलगी नागपूरला शिकायला, तिला पाठवायला म्हणून दंव पडलेल्या लोंबीचा फोटो काढत होते. जरा जवळून, आणखी जरा जवळून, करता करता दोन बांध्यांमधल्या धुऱ्याच्या ओल्या मातीवरून पाय सटकला. फोटो फार छान आला. घोट्याजवळचं हाड मोडलं. तुमसरच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि एक्स-रेची फिल्म मोठ्या पाकिटात घालून दिली. घरी आल्यावर माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, वच्छलाबाईंनी, ती खिडकीशी धरून पाहिली.

"एवढंसं तर हाडूक हाय," त्या म्हणाल्या, "अन् केवढा घोर लावला मायनं!"

वच्छलाबाई माझ्या भासऱ्यांच्या, थोरल्या दिरांच्या, बायको. मी या घरात आले तेव्हापासून चूल, गोठा आणि बांधी या तिन्ही ठिकाणी त्यांचा हात माझ्याआधी पोचलेला असतो. बोलणं कमी, पण जे बोलतील ते दिवसभर कानात राहील असं. त्यांचं माहेर चिखल्याचं. आईवडील गेले, राहिला एकच भाऊ, देवराम. तो मँगनीजच्या खाणीत खाली उतरतो आणि कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहतो. ते दोन खोल्यांचं क्वार्टर म्हणजेच वच्छलाबाईंचं माहेर. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, त्या तिथे जात. बाकी वर्षभर त्या कुठे जाताना मी पाहिलेल्या नाहीत.

त्या वर्षी पिशवी भरून झाली होती. भावजयीसाठी लुगडं, भावासाठी अनारसे. तेवढ्यात मी पडले, आणि त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. लवकर पिकणारं हलकं धान कापून त्याचा कडपा बांधीतच पसरलेला. वाळायच्या आत त्याच्यावर पाऊस पडला की दाण्याला कोंब फुटतात, मग तो ना विकायचा ना खायचा. मजूर तर त्या दिवसांत हातापाया पडूनही मिळत नाहीत. घरात कापणाऱ्या बाया दोन, त्यातली एक खाटेवर.

वच्छलाबाईंनी पिशवीतून लुगडं काढलं आणि परत पेटीत ठेवलं. मी ओसरीवरून पाहत होते. त्यांना ते कळलं असावं, कारण पेटी लावता लावता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंडईले जाईन. भाऊ कुठी पळून जातो काय?"

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. चिखल्याकडची मंडई यायला अवकाश होता. पण भाऊबीज ती भाऊबीज. जा म्हणायला माझ्याकडे पाय कुठे होता.

आणि भाऊबीजेला माझा भाऊ आला.

दरवर्षी मी कारध्याला त्याच्याकडे जाते. वैनगंगेच्या काठचं आमचं घर, तिथे मी ओवाळते, जेवते, मुक्काम करते. त्या वर्षी माझा पाय मोडला म्हणून मोरेश्वरच उठून सिहोऱ्याला आला, भल्या सकाळी, मोटारसायकलवर. वच्छलाबाई पहाटेपासून कडपा उचलून आल्या होत्या. केसांत तणसाच्या काड्या तशाच. हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसल्या. पुरण शिजवलं, वडे तळले, कढी केली. मी ओसरीवरून म्हटलं, "बाई, तुम्ही कायले एवढं करून राहिल्या? साधं भातवरण चाललं असतं."

"भाऊ आला हाय तुहा," त्या आतून म्हणाल्या. "भाऊबीजेले भातवरण खाऊ घालतं काय?"

मला उभं राहता येत नव्हतं. म्हणून मोरेश्वरला खाटेसमोर पाटावर बसवलं आणि ओवाळणीचं ताट वच्छलाबाईंनीच तयार करून माझ्या हातात दिलं. दिवा त्यांनी लावला. सुपारी, अक्षता, कुंकू, सगळं जागच्या जागी. वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून माझ्या शेजारी तळहाताचा आडोसा धरून त्या उभ्या राहिल्या. मी माझ्या भावाला ओवाळलं. त्याने ताटात नवी साडी ठेवली. त्या म्हणाल्या, "साजरा रंग हाय वं." मी ती साडी अजून नेसले नाही.

संध्याकाळी मोरेश्वर गेला. गोठ्याचं आटोपून वच्छलाबाई तेच ताट घेऊन अंगणात आल्या. ज्या बाईला भावाकडे जाता येत नाही ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते, ही आपली रीतच आहे. बीजेचा चंद्र नखाएवढा असतो आणि लवकर मावळतो. त्यांनी घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला, मान वर केली, ताट फिरवलं. अक्षता उडवल्या त्या तुळशीच्या ओट्यावर पडल्या. मग ताट खाली ठेवून त्या ढोरांना चारा टाकायला गेल्या.

मी ते खाटेवरून पाहिलं. पोटात वडे होते.

माणसाला अपराधी वाटलं की तो हाताला काहीतरी काम शोधतो. माझ्याकडे मुलीनं सुट्टीत आणून ठेवलेला एक डबा होता. त्यात चार रंगांचे छोटे इंकपॅड, जाड पांढरा कागद आणि चेहऱ्याला पावडर लावायला असतो तसला मऊ, गोल ब्रश. तिनं मला फोनवर व्हिडिओ दाखवून शिकवलंही होतं. कागदावर स्टेन्सिल ठेवायची, ब्रश शाईवर टेकवायचा, आधी रद्दी कागदावर झटकायचा, मग कागदाच्या बाहेरून गोल गोल फिरवत आत यायचं. हात इतका हलका ठेवायचा की शाई लागते आहे हेच कळू नये. डब्यातल्या स्टेन्सिली गुलाबाच्या आणि फुग्यांच्या होत्या. चिखल्याच्या खाणीत उतरणाऱ्या माणसाला फुगे काय पाठवायचे? तेव्हा मला एक्स-रे आठवला. गावात फलक रंगवणारे जुने एक्स-रे कापूनच अक्षरं काढतात. पत्र्यापेक्षा सोपं, पुठ्ठ्यापेक्षा टिकाऊ. मी पाकिटातून माझा घोटा काढला आणि अर्ध्या ब्लेडनं कापायला घेतला.

लोंबी कापली. दाणा न् दाणा. एकमेकांना धरून राहतील असे दाणे ठेवायचे, नाहीतर सगळी लोंबीच गळून पडते. मग कोपऱ्यात चंद्र. तोवर मला वाटत होतं, स्टेन्सिल म्हणजे भोक. पण भोक पडलं की एक तुकडाही निघतो आणि तोही तितक्याच कामाचा असतो. चंद्राचा तुकडा कागदावर चिकटवायचा, त्याच्यावरून सगळं आभाळ रंगवायचं आणि शेवटी तो अलगद उचलायचा. खाली कागद पांढराच राहतो. त्याच्यावर काहीच केलेलं नसतं म्हणून तो चंद्र.

आभाळापाशी मी अडले. रात्री वच्छलाबाई जेवत होत्या तेव्हा विचारलं, "बाई, भाऊबीजेले संध्याकाळी आभाळ कोणत्या रंगाचं होतं?"

"आभाळ पाहाले येळ होता काय मले? ढोरं बांधाची होती."

मग दोन घास खाऊन झाल्यावर त्याच म्हणाल्या, "खाली तांबडं होतं. तांब्याच्या परातीवानी. वर निळं होत गेलं. पन मधात कोनता रंग होता ते मले समजलं नाई."

मधला रंग शोधण्यात माझे कितीतरी दिवस गेले. तांबड्यावर निळा घासला की चिखल होतो, हे मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग गुलाबी मध्ये घातला. तोही आधी अगदी पुसट, तांबड्याच्या कडेला सुरू करून वर नेत नेत. निळा वरून खाली आणला, तो गुलाबीवर येताच जांभळा झाला, आणि एका क्षणी खरंच सांगता येईना की कुठे काय संपलं. मी हसले. एकटीच, मोठ्यानं. दुपार कधी टळली कळलंच नाही.

तेवढ्यात बैलबंडी आली. भाऱ्यांवर वच्छलाबाई बसलेल्या, चेहरा काळवंडलेला. धानाच्या पात्यांनी बोटं जागोजागी चिरलेली. माझी बोटं गुलाबी आणि निळी. मी ती पदराखाली घेतली. पाय मोडला होता म्हणून बसले होते, त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं. मला बसून आनंद होत होता, लाज त्याची होती. खरं सांगायचं तर प्लास्टर लवकर निघू नये असंही एक-दोनदा मनात येऊन गेलं. हे मी कुणाला बोलले नव्हते.

कार्ड झालं तेव्हा मी ते वच्छलाबाईंच्या पुढे धरलं. खाली काळसर लोंब्या, मागे परातीचं तांबडं, वर निळं, आणि निळ्यात पांढरी कोर. त्यांनी हात लुगड्याला पुसले, पण कार्ड घेतलं नाही. दुरूनच पाहत राहिल्या.

"हे त्या दिवसाचंच हाय," म्हणाल्या. मग आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. मी काही म्हणायच्या आत ओलं बोट बुडवून त्यांनी चंद्रावर टिळा लावला. "तो समोर नव्हता ना. आता पोचल त्याले."

कुंकू पसरलं. चंद्राची कड गेली. जो पांढरा राखण्यासाठी मी श्वास धरून बसले होते तो लालभडक झाला. आणि माझ्या जिवाला चटका बसला हो! त्या बाईनं माझ्यासाठी माहेर सोडलं होतं आणि मला माझी कोर खराब झाल्याचं वाईट वाटलं. तोंडानं "छान" म्हटलं. माझा चेहरा काय म्हणाला ते मला माहीत नाही, पण वच्छलाबाई पटकन म्हणाल्या, "दुसरं बनवतं काय?"

"नाही हो बाई. हेच जाऊ दे."

आत काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. "लिव, इकडं सगळं बरं हाय. रेखाच्या पायाले लागलं. धान बांधीतच हाय. मी मंडईले येतो." मी माझ्या नावासकट तस्संच लिहिलं. गावातला एक जण तिकडे निघाला होता, त्याच्या हाती कार्ड दिलं. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. वाटलं, झालं, आपल्या परीनं काहीतरी केलं.

कसलं काय. सुट्टीच्या दिवशी सकाळीच देवराम अंगणात हजर. खांद्याच्या गमछ्यात गुंडाळलेला स्वतःचा इळा.

"कार्डात लिवलं ना, धान बांधीत हाय म्हणून," तो बहिणीला म्हणाला. "मंग काय वाट पाहू तुह्या मंडईची?"

मी हबकून बसले. सहा दिवस जमिनीच्या पोटात राबायचं आणि सातव्या दिवशी या माणसानं उन्हात वाकायचं, ते माझ्यामुळे. भावाला खूश करायला पाठवलेलं कार्ड त्याला मजुरीला बोलावून आलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही कायले? आराम करा आजच्या दिवस."

"आराम खाली अंधारात असते ताई. इथं तर हवा हाय." मग म्हणाला, "कार्ड लय साजरं झालं. पन चंद्रावर ते लाल काय हाय?"

"टिळा हाय तुहा," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यानं नकळत कपाळाला हात लावला. बांधीत जाऊन त्यानं बहिणीच्या बाजूची पात धरली. दरवर्षी ती मी धरते. ओसरीवरून दोघांच्या पाठी दिसत होत्या, बरोबरीनं पुढे सरकणाऱ्या. मध्येच वच्छलाबाईंचं हसू ऐकू आलं. इतक्या वर्षांत त्या हसताना कशा ऐकू येतात ते मला माहीत नव्हतं. माझ्या हातात ब्रश होता. तो मी डब्यात ठेवून दिला आणि डबा खाटेखाली सरकवला.

संध्याकाळी त्यांनी त्याला अंगणात ओवाळलं. जाताना भासऱ्यांनी नव्या तांदळाची पिशवी पुढे केली तर त्यानं हात जोडले. "बहिणीच्या घरून कायले नेऊ जी?" पिशवी तिथेच राहिली. त्या तांदळाचा भात पुढे आम्हीच खाल्ला. मी बसून खाल्ला.

या सगळ्यात हसण्यासारखं एकच झालं. प्लास्टर काढायला तुमसरला गेलो तर डॉक्टर म्हणाले, जुना एक्स-रे दाखवा, हाड कसं होतं ते पाहू. आमच्या यांनी निमूटपणे पाकीट पुढे केलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. घोट्याशेजारी धानाची लोंबी, वर कोपऱ्यात नखाएवढं भोक.

"हे काय आहे?"

"चंद्र," हे म्हणाले.

डॉक्टर बराच वेळ आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दर हंगामात मी माझी पात धरते आणि वच्छलाबाईंच्या पातीतलंही जमेल तेवढं ओढते. त्या रागावतात. "मले काय झालं हाय?" म्हणतात. दर भाऊबीजेला मी त्यांची पिशवी त्यांच्या आधी भरून दाराशी ठेवते. पण अपराधाचं ओझं भाऱ्यासारखं नसतं, की बांधून उचललं आणि पुंजण्याच्या ढिगावर नेऊन टाकलं. पहिली मूठ कापली की ते परत येतं.

यंदा वच्छलाबाईंचे गुडघे गेले. उठताना भिंत लागते. दिवाळीआधी त्यांनाही तुमसरला नेऊन आणलं, औषध आणलं, मोठ्या पाकिटात एक्स-रे आणला. आणि ओसरीवर खाट टाकली.

"मले लाज वाटते वं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "सारी दुनिया धानात अन् मी इथं सोजी पिऊन राहिली."

"बसा तुम्ही," मी म्हटलं. याहून वेगळं काही सुचलं नाही. बसणाऱ्याला या शब्दाचा काडीचाही उपयोग नसतो हे मला माहीत असून.

भाऊबीजेला देवराम आला. मी पहाटे बांधीत जाऊन आले, पुरण शिजवलं, वडे तळले. ताट तयार केलं, दिवा लावला आणि आडोसा धरून उभी राहिले. दुपारी कारध्याहून मोरेश्वरचा फोन आला, "ताई, निघाली नाही काय वं?" मी म्हटलं, "मंडईले येतो रे." माझ्या तोंडून ते शब्द गेले आणि मी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिले.

संध्याकाळी ताट घेऊन अंगणात आले. इतकी वर्षं मी विचार करत होते, त्या संध्याकाळी त्या बाईच्या मनात काय आलं असेल? मनाची समजूत घातली होती, काही आलं नसेल, कामाच्या रगाड्यात कुणाला वेळ असतो. मी मान वर केली. परातीचं तांबडं, वर निळं, मध्ये तो न समजणारा रंग. ओसरीवर बहीण-भाऊ काहीतरी बोलत होते, त्यांचा आवाज येत होता. आणि मला हेवा वाटला. चांगला कडकडीत हेवा. डोळ्यांत पाणी आलं, चंद्र दिसेना. म्हणजे त्यांनाही वाटला होता. माझं ओशाळणं खोटं नव्हतं. दिवा घेऊन मी तिथे उभी होते आणि त्या संध्याकाळची त्यांची आसवं इतक्या वर्षांनी माझ्या गालांवरून चालली होती.

मागे काठी वाजली. वच्छलाबाई काठी टेकत, देवरामचा हात धरून पायरीपर्यंत आल्या होत्या. काखेत ते मोठं पाकीट.

"तो तुहा डबा कुठी हाय?" त्या म्हणाल्या. "रंगाचा."

"काहून?"

"तुह्या भावाले कार्ड पाठवाचं हाय. मी बनवतो. तू फकस्त कापून दे." त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं. "माहा घे. तुह्या एक्सऱ्यापेक्षा मोठा हाय."

"बाई, डॉक्टरले लागल ना तो पुढं."

"लागू दे. म्हनाव, चंद्र काढला."

देवराम हसला. मग आम्ही तिघंही.

ओसरीवरच्या दिव्याखाली मी त्यांच्या गुडघ्यातून बारीकशी कोर कापली. त्यांनी ब्रश शेणाचा हात फिरवावा तसा फिरवला, दाबून, अंग लावून. तांबडं आणि निळं एकमेकांत जाऊन मधोमध चांगला चिखल झाला. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी त्यांनी चिरा पडलेल्या नखानं फिल्मचा तुकडा उचलला. चिखलात पांढरी कोर उमटली. त्या लहान पोरीसारख्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

"खराब तर नाई ना झालं वं?" त्यांनी विचारलं.

मी आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला आणि बोट ओलं केलं.